दुसऱ्या गटाची यादी

सोमवार, ९ मार्च

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे. आईंच्या गुडघ्यांची कुरकुर चालूच आहे. तुमच्या दादांनी पंखा दुरुस्त करायला घेतला आणि कायमचा बंद पाडला. हसू आलं असेल तर बरं, पुढे हसण्यासारखं काही नाही.

आपण दोघं ज्या दवाखान्याच्या संगणक विभागात होतो, तिथल्या त्या चौकशीबद्दल लिहायचंय. अतिदक्षता विभागाचे इशारे वेळेवर वाजावेत म्हणून आपण मोठ्या संगणकातले आठ प्रोसेसर वेगळा गट करून राखून ठेवले होते. त्या दुपारी कुणीतरी ते दुसऱ्याच कामाला जुंपले. इशारा अकरा मिनिटं उशिरा वाजला आणि तिथे दाखल असलेल्या त्या शाळेतल्या बाई दगावल्या.

"हा गट बदलायची परवानगी कुणाला होती?" चौकशीत साहेबांनी विचारलं. परवानग्यांच्या याद्या छापणारा, मी सी भाषेत लिहिलेला माझा प्रोग्रॅम चालवला. एकच नाव आलं, तुमचं.

"वहिनी, मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही हो."

"भाऊजी, यादी समोर आहे," मी सगळ्यांदेखत म्हणाले.

प्रोग्रॅम आधी बॅकअपच्या गटाची यादी वाचायचा, मग या गटाची. पहिलीत तुमचं नाव होतं, ते बरोबरच होतं, बॅकअपचं काम तुमच्याकडेच होतं. दुसरी वाचताच आली नाही. वाचणारं फंक्शन तसं सांगत होतं, पण त्याचं उत्तर तपासायची एक ओळ मी आळसाने लिहिली नव्हती. मग मेमरीतल्या त्या जागेत आधीचीच यादी पडून राहिली आणि या गटाच्या नावाखाली छापली गेली.

हे मला तुमची नोकरी गेली त्या निकालानंतर चौथ्या दिवशी कळलं. त्याला दोन वर्षं झाली. तुम्ही गोदामाच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहिताय, आईंनी तुमचा फोटो कपाटात टाकलाय, आणि मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवते.

इथे थांबले असते तर नुसती चूक म्हणून सुटले असते. पण दुसरी यादी वाचता का आली नाही? या संगणकावर गट बदलायची परवानगी वेगळी आणि बघायची वेगळी. चाचणीसाठी मी कुणाला न विचारता स्वतःला बदलायची दिली होती, बघायची द्यायला विसरले. मुख्य खात्यातून खरी यादी उघडली तेव्हा त्यात एकटी मीच होते. ते आठ प्रोसेसर ओढून घेणारी चाचणी माझीच होती भाऊजी. ती लावून मी डबा खायला गेले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि मी भ्यायले, म्हणून गप्प बसले.

परवा आईंना तुमचं पत्र आलं. "इतके लोक म्हणतात तर केलंही असेन मीच, आता मलाही नक्की आठवत नाही," असं तुम्ही लिहिलंत. आईंनी ते मलाच मोठ्याने वाचायला लावलं.

उद्या दहाला मी साहेबांपुढे सगळं लेखी देतेय. बाईंच्या यजमानांनाही बोलावलंय. तुमच्या दादांना आज सांगेन. पण सगळ्यांत आधी तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे पत्र आत्ताच माणसाहाती पाठवतेय. तुम्ही काही केलेलं नाही. नीट आठवा. तुम्ही त्या दिवशी तिकडे गेलाच नव्हता.

जिने केलं ती,
तुमची वहिनी