बिनफोडणीची खिचडी

२४ एप्रिल
ह्यांनी शेवटी होकार दिला. "जाऊ दे तिले. पन घरनंच खाई. बाहेरनं पानी सुदीक नही." हिमालयात पाणी घरचं कुठून आणू, हे विचारलं नाही. होकार मिळालाय, मोडायला वेळ लागत नाही.

मागच्या वर्षी पल्लूला होस्टेलच्या मेसमधून कावीळ झाली. लेकीचे डोळे हळदीसारखे झालेले बघितलेत मी. तेव्हापासून ह्यांचा बाहेरच्या अन्नावरचा विश्वास पार उडाला. आणि ही बया निघाली मैत्रिणींबरोबर पाठीवर बोचकं घेऊन डोंगर चढायला. आठवडाभर वर ना दुकान, ना घर. म्हणजे तिचं आठवड्याचं जेवण इथे शहाद्यात माझ्या ओट्यावर शिजणार, वाळणार, पाकिटात जाणार. वर गरम पाणी ओतायचं, झाकायचं, खायचं.
बोलले खरी मी, "मी करते सगळं." आता निस्तर.

२७ एप्रिल
बचत गटाचा ड्रायर आणला. आम्ही त्यात केळीची पावडर करतो. रिक्षात मी आणि तो मांडीला मांडी लावून आलो.

आत्याबाईंना (सासूबाई, पण लग्नापासून आत्याबाईच म्हणते) आल्या आल्या सांगून टाकलं, कशालाही तेल नाही. तेल वाळत नाही. वरून कुरकुरीत दिसतं, आत ओल अडकते, मग खवट, मग बुरशी. गटात हे आम्हाला तोंडपाठ आहे.
"दायले, वरणलेबी फोडणी नही?"
"नही."
"मंग ते सुतकनं जेवन व्हयनं."
उठून देवापाशी जाऊन बसल्या. मी कांदे चिरत राहिले.

३० एप्रिल
भरीत जमलं. वांगी भाजून, ठेचून, पसरून वाळवली. काळपट चुरा झाला, दिसायला तपकिरीसारखा. पाणी घालून चाखलं, धुराचा वास अगदी तसाच. डोळ्यांत पाणी आलं, काय वेडी मी.

शेवभाजीचा रस्सापण वाळवला. ताटाला चिकटून बसला, सुरीने खरवडला. शेव वेगळी डबीत देईन. तर्री नसलेला रस्सा शहाद्याच्या माणसाला दाखवला तर तो पोलिसात जाईल. ह्यांनी वाटीत बघितलं नि लोणचं मागितलं.

३ मे
खिचडीचा घाणा. हीच मुख्य. मोहरी, जिरं, हिंग कोरडंच कुकरात टाकलं. रोज रात्री त्या पोरी हीच खाणार, पाचजणींसाठी. कुकरमधून काढून परातीत निववत ठेवली नि आंघोळीला गेले. मग ट्रेमध्ये पसरली. दुपारी लाइट गेली. ड्रायर बंद, बाहेर ऊन असं की पत्रा वाजतो. लाइट आली, परत गेली.
खिचडी वाळेचना. दाणा चकचकीत, हाताला मऊ. कारखान्यातून आल्यावर ह्यांनी विचारलं, "व्हयनं का?" म्हटलं, लाइटमुळे.

४ मे
अजून एक दिवस चालवला ड्रायर. वरून कडक झालीय. दाताखाली तुटते. झालं म्हणायचं.

६ मे
पल्लू आली. सगळी पाकिटं भरली. खिचडीला पिवळी पट्टी, भरीताला काळी, रस्स्याला लाल. ह्यांनी एकेक पाकीट उचलून नाकाशी धरलं, चिकटवलेलं पाकीट! पल्लू पोट धरून हसली. "पप्पा, तुम्हीच चला ना." उरलेली थोडी खिचडी डब्यात ठेवली, घरी खाऊन बघायला.

८ मे
स्टँडवर सोडून आले. निघताना आत्याबाईंनी तिच्या हातावर दही ठेवलं, आणि तिच्या पिशवीवरून कितीदा तरी हात फिरवला. मायाच ती.

११ मे
पल्लूचा फोन. पायथ्याच्या गावात पोचल्या. थंडी आहे म्हणते. इथे पंखा गरम वारा फेकतोय. "उद्यापासून रेंज नाही मम्मी, घाबरू नको. खाली उतरले की करते." कावीळ झालेलं पोर मला सांगतं घाबरू नको.

१३ मे
 लिहूनच काढते.
दुपारी खिचडीचा डबा उघडला. आधी वास, जुन्या तेलाचा, पणतीतल्या वातीसारखा. बोटं तेलकट झाली. एक गोळा फोडला तर आत पांढरी लव.
तेल? मी थेंब घातला नव्हता.

आत्याबाई पलंगावर लसूण सोलत होत्या. डबा समोर धरला. बघितलं त्यांनी, नि लसूणच सोलत राहिल्या.
"तुम्ही काही टाकं का हाईमा?"
"फोडणी दिधी. तू आंघोयले गयी व्हती तवय."
"मी सांगेल व्हतं ना!"
मग चिडल्या माझ्यावरच. "बिगर फोडणीनं कोना घर शिजस? जठे मानूस मरस तठे! मन्ही नात इतली दूर चालनी, तिले मी सुतकनं बांधी देऊ?"
मी ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. आज चढवला. "तुमनी फोडणीच तिले मारी टाकी!" असं म्हणाले. तोंडातून निघून गेलं.
लसणाची परडी बाजूला ठेवून त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या.

पाकिटातली तशीच असेल की बरी असेल? हा डबा इथल्या गरमीत, झाकणही सैल. ती पाकिटं बंद, आणि तिथे थंडी. म्हणजे बरी असतील. पण ओल आतच असेल ना. पुन्हा पहिल्यापासून तेच डोक्यात.

१४ मे
पल्लूने परवा पायथ्याच्या ज्या लॉजवरून फोन केला होता, त्या लॉजवाल्याला फोन लावला. पाच पोरी कधीच वर गेल्या. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, पिवळ्या पट्टीचं खाऊ नका. तो म्हणाला, खेचरवाला वर चाललाय, "मिले तो बोल देगा, माताजी." मिले तो.
आणि मिळाला, तर मग खाणार काय? रात्रीचं जेवण सगळं तेच. फेकलं तर उपाशी, खाल्लं तर... पल्लूचं लिव्हर डॉक्टरांनी जपायला सांगितलंय.

ह्यांना सांगितलं नाही. रोज येतात, चप्पल काढायच्या आधी, "फोन उना का?"
"नही."
"येई."
एवढंच. पण मग टीव्ही लावत नाहीत.

१५ मे
गटातून घरी आले तर स्वयंपाकघरात आत्याबाई. समोर वाटी, गरम पाण्यात भिजवलेली खिचडी. तीच, डब्यातली. मी फेकायला म्हणून बाहेरच्या बादलीपाशी ठेवली होती, तिथून उचलली. निम्मी संपली होती.
"हाई काय खाई ऱ्हायनात आत्याबाई!"
वाटी ओढली, तर घट्ट धरून ठेवली त्यांनी. म्हातारीच्या हातात एवढा जोर. "मन्हा पोटले काही नही व्हयनं ते तिलेबी नही व्हवाव. खाऊ दे माले."
 रागही येईना. त्यांच्या शेजारी खाली बसले आणि रडले. त्यांनी डाव्या हाताने माझी पाठ चोळली, उजव्याने घास घेतला.

१६ मे
आत्याबाईंच्या पहाटेपासून संडासच्या फेऱ्या. म्हणतात, कालच्या ताकानी. काल ताक केलंच नव्हतं.
मीठ-साखरेचं पाणी, भाताची पेज. डॉक्टरांना घरी बोलावलं. काय खाल्लं विचारलं, तर माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "ताक."
ह्यांना वाटतंय ऊन लागलं. ह्यांच्यासाठीपण मऊ भात नि साधं वरण केलं. वेगळं शिजवायचं त्राण नव्हतं. तेच जेवले.

१७ मे
उतार आहे थोडा. गोळ्या लागू पडल्या. मोठ्या माणसाला एवढं होतं तर मग. नाही, लिहायचं नाही.
लॉजवाल्याचा फोन बंद लागतो.
आज पुन्हा पेज. आत्याबाईंनी एकदाच विचारलं, "तठे डॉक्टर ऱ्हास का?" मी म्हटलं, "ऱ्हास." मला काय माहीत.

१८ मे
फोन आला. दुपारी. अनोळखी नंबर. वाऱ्याचा घों घों आवाज, त्यात पल्लू.
"मम्मी... ती खिचडी... आजीनी..."
मग एक आवाज. हसल्यासारखा. की कण्हल्यासारखा. फोन कापला गेला. परत लावला, लागेना. लावतेच आहे.
तिला चवीवरून कळलं, हे नक्की. आजीच्या हातची फोडणी ती झोपेत ओळखेल. म्हणजे खाल्ली. खाऊन मग काय, तेवढंच ऐकायचं राहिलं.

आत्याबाई उठून बसल्या होत्या. "काय म्हने ती?"
"खिचडी म्हने. तुमनं नाव लिधं."
"हसी ऱ्हायनी व्हती ना?"
मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा तीन दिवसांत बोटाएवढा झालाय. "हा," मी म्हणाले, "हसी ऱ्हायनी व्हती."
त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "दोन-तीन दिन व्हयनात, या घरमा फोडणी नही. आज दे व."

खरंच की. परवापासून पेज, मऊ भात, साधं वरण. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अंगावर काटा आला. तशीच उठले, कढई ठेवली. तेल जास्तच पडलं, पडू दे. मोहरी तडतडली. फोन ओट्यावर समोर ठेवलाय. ह्यांची यायची वेळ झाली. आले की विचारतील.