मीटर गुडघ्याशी धर

नवघर, भाईंदर पूर्व
१४ सप्टेंबर २०२५

चि. संचितास,

बाबाचे आशीर्वाद. आई मजेत आहे, मीही ठणठणीत. दुकान सध्या बंद ठेवलंय, रंग काढायचाय म्हणून. हल्ली बूट घालत नाही, चपलाच बऱ्या.

पत्र कशाला, म्हणशील. ‘खड्ड्यात उतरू नकोस’ असा मेसेज केला, तर तू हसरा चेहरा पाठवलास. फोनवर बोलावं, तर आई कान लावून बसलेली असते.

तुझा साइटवरचा फोटो मी मोठा करून पाहिला. कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, खोल जमिनीत खाऱ्या पाण्याने भरलेल्या खडकात सोडायचा, वर घट्ट खडकाचं झाकण. हे मला कळतं. तुझी पुस्तकं मी डिक्शनरी घेऊन वाचलीत. दहावी नापास असलो तरी आग विझवायच्या सिलिंडरांत हाच वायू भरता भरता माझे केस पिकलेत. त्या झाकणाची मला भीती नाही. भीती वाटते वायू खाली सोडायच्या विहिरीच्या तोंडाभोवतीच्या सिमेंटच्या खड्ड्याची. त्यात तू वाकून व्हॉल्व्ह बघतेयस, आणि तुझा गॅसमीटर वर कठड्यावर पडलाय.

संचिता, दुकानाला रंगबिंग काही नाही.

रस्ता काँक्रीटचा होऊन उंच झाला, तसा आपला गाळा खाली गेला. पावसाचं पाणी शिरायचं, म्हणून दारात मीच गुडघाभर कठडा बांधला. असा चोख, की थेंब आत येत नाही. मंगळवारी सिलिंडर भरताना नळीचं वायसर फाटलं. पंपाच्या आवाजात सुसकारा ऐकू आला नाही. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. उभा होतो तोवर काहीच जाणवलं नाही. पाना पडला, उचलायला वाकलो. जिभेवर सोड्यासारखी आंबट चव आली. पुढचं आठवत नाही.

शेजारच्या इमिटेशन ज्वेलरीवाल्या हंसाबेन मला बघून आधी हसल्याच म्हणे. “उत्तमभाई, नीचे क्या ढूंढते हो? मेरा सोना गिरा क्या?” मी हललो नाही, तेव्हा किंचाळल्या. माझं लेक्चर ऐकून ऐकून पाठ झालेलं, म्हणून श्वास रोखून आत आल्या. त्यांनी आणि त्यांच्या रोशन कारागिराने मला कॉलर धरून कठड्यावरून ओढलं. शुद्धीवर आलो तर म्हणतात, “अब लेक्चर देने के लिए तो जिंदा रहो!”

पाणी अडवायला बांधलेल्या कठड्याने वायू आत धरून ठेवला. काम चोख होतं, म्हणूनच. काल तो फोडून टाकला. येऊ दे पाणी.

आईला नुसती चक्कर आली असं सांगितलंय. पण तेव्हापासून मला वाकवत नाही. कंबर ठीक आहे. तोंड जमिनीकडे गेलं की श्वास बंद होतो. देवासमोरही उभ्यानेच हात जोडतो, आणि गुडघे दुखतात म्हणतो. बुटाची लेस बांधायची हिंमत होत नाही.

नोकरी सोड, असं लिहिलं होतं. खोडलंय. तुझं काम मला मोठं वाटतं, आणि भीतीही तेवढीच वाटते. पण खड्ड्यात उतरण्याआधी मीटर दोरीने तळापर्यंत सोड. उतरल्यावर तो गुडघ्याशी धर, छातीशी नको. कोणी हसलं तर हसू दे. आणि वर एक माणूस उभा ठेव, ज्याला तुझं लेक्चर पाठ आहे.

वर आलीस की ‘आले’ एवढंच कळव. हसरा चेहरा नको, शब्द लिही.

तुझी उभ्यानेच वाट बघणारा,
बाबा