सेकंदांत मोजलेलं वय

४ मार्च
डोळ्यांच्या दवाखान्यात कंप्युटरवाला म्हणून लागलो! नोकरी कच्ची, उत्साह पक्का. पहिलंच काम — पेशंटना तपासणीचे मेसेज आपोआप पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. वयावरून पुढची तारीख ठरते. मी वय थेट सेकंदांत मोजलं. वर्षांत काय, कोणीही मोजतं!

घरी ऐट मारली. आजोबांनी पेपरातून मानही वर केली नाही. "म्हणजे माझा काचबिंदूही आता तुझ्या हातात?"

म्हटलं, तुम्ही फक्त फोन जवळ ठेवा.

५ मार्च
स्क्रिप्ट मधेच आडवी पडली. 'अरिथमेटिक ओव्हरफ्लो' म्हणे. एवढा इंग्लिश मीडियमचा मी — ओ की ठो कळलं नाही. शेवटी तिला सांगितलं, यादीत जिथे अडशील ती ओळ सोड आणि पुढे चल. चालली! स्वतःच स्वतःला चहा पाजला.

१८ एप्रिल
रिसेप्शनवरच्या ताई खूश. "हल्ली बाकं मोकळी असतात रे. म्हाताऱ्यांची गर्दीच नाही."

माझी कॉलर ताठ. सिस्टीम म्हणतात ती हीच!

२ जून
ताईंना आज शंका. "अरे, पण गेले कुठे सगळे? एकदम बरे झाले?"

सोडलेल्या ओळी उघडल्या — एकूण एक माणूस अडुसष्टच्या वरचा. तेवढ्या वर्षांचे सेकंद कंप्युटरने आकड्याला दिलेल्या खान्यात मावतच नाहीत! आकडा अडला, की माणूस बाद. वा रे हुशार!

सेकंदांऐवजी दिवस मोजले. पाच मिनिटांचं काम. राहिलेले मेसेज सुटले.

बाद झालेल्यांत आजोबाही होते. धावत घरी. डोळ्यांत घालायचे थेंब कधीच संपलेले.

"आजोबा, गेला का नाहीत?"

"बोलावल्याशिवाय कशाला जायचं? तू आहेस ना तिथे. गरज असती तर बोलावलं असतंस."

३ जून
बाकं ओसंडून वाहतायत. ताई करवादल्या, "कुठून आणलास हा बाजार?"

आजोबांना सगळ्यांच्या आधी आत नेलं. डॉक्टरबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला. पुन्हा मोजला. नंतर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. म्हणाल्या, "जे आले नाहीत, त्यांना स्वतः फोन लाव. एकेकाला."

लावतोय.

१ जुलै
नोकरी पक्की झाली. पत्र आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, खिडकीशी नेलं. मग घडी घालून परत दिलं.

"तूच वाच," म्हणाले. "झालं की पेपरही."