निळं दार

कार्तिक वद्य सप्तमी, संध्याकाळ. ब्राह्मणपारा.

घरच्या कॉम्प्युटरवर दोन गेम आहेत, एक बंद घराचा, एक बेटाचा. माझ्या मुक्ताला बंद घराचा आवडतो: खोल्याखोल्यांतल्या खुणा लक्षात ठेवायच्या, मग दारं उघडतात. आज तिच्याशेजारी खेळताना निळ्या दारापाशी अडलो.

"बाबा, काल तुम्हीच तर उघडलं! काहून मस्करी करून राहिले?"

"तुझी परीक्षा घेऊन राहिलो." मी वार्ताहर, थाप सहज खपली. पोट्टी हसली. मला ते निळं दार पाहिल्याचंही आठवेना.

मग म्हणालो, मला बेटाचाच गेम आवडतो, देखावा छान आहे. खरं म्हणजे तिथे नुसतं हिंडायचं, लक्षात काही ठेवावं लागत नाही.

आत्ता शाळेत पाठ केलेला संस्कृत रामशब्द चालवून पाहिला. साती विभक्ती बिनचूक. हायसं वाटावं? माझ्या वडिलांनाही तो शेवटपर्यंत येत होता. माझं नाव येत नव्हतं.