खोडामागची गाठ

मंगळवार, संध्याकाळ. किन्हीराजा.

गाठ खोडाच्या मागे होती. दिराला काही बोलले नाही, इथे लिहिते.

तुरीत रानडुकरं शिरायला लागली म्हणून आज आम्ही दोघांनी कडुनिंबावर पुन्हा मचाण बांधलं. मागच्या वर्षी हे याच झाडावरून पडले आणि गेले. रात्री पिकाच्या जागलीला बसलो की माझ्या कमरेचा दोर हेच खोडाला बांधायचे. गाठ मागे, म्हणजे झोपेत माझा हात तिथे जाऊ नये. स्वतःला मात्र कधी बांधलं नाही.

दिवस मावळताना फळ्यांचे दोर आवळायला मी एकटीच वर गेले. दीर खाली धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी होता. कमरेला दोर बांधायचा राहिला. राहिलाच ना? हो, तो फांदीला नुसता लटकत होता, मी पाहिला.

उतरायला वळले तर हलताच येईना. दोर कमरेभोवती आवळलेला, गाठ खोडामागे. हात पोचेना.

हाक मारली. दिराने वर येऊन गाठ सोडली. "वयनी, मांगं काहून बांधली? तुमचा हात तरी पुरते का तिथं?"

"बांधली असन कशीतरी," मी म्हटलं.

उद्या दोर न बांधताच चढणार आहे.