भाचीच्या वहीतले पान

मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसाजे: मी, वय वर्षे शहात्तर, एकतीस वर्षे छापखान्यात मजकुरातल्या चुका तपासण्याची नोकरी केलेली आणि उरल्या वेळात कथा लिहिणारी बाई, हे सर्व स्वहस्ते, पूर्ण भानावर असताना आणि कोणीही भरीस न घालता लिहीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळीच तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचे सांगितले. मुलाला ते फारसे पटलेले नाही, कारण त्याने कलम दोन वाचले आहे.

कलम १. राहते घर मुलाला व सुनेला. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. यात कोणाचा वाद नाही, म्हणून लांबण लावत नाही.

कलम २. स्वयंपाकघरामागची छोटी खोली, तिच्यातले टेबल आणि दोन्ही शब्दकोश माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीने हयात असेपर्यंत वापरावेत. ती इस्पितळात नर्स आहे. मुलगा म्हणाला, "आई, तिथे मी वॉशिंग मशीन ठेवणार होतो." मशीन बाथरूममध्ये मावते. मी टेप लावून मोजले आहे.

कलम ३. छापखान्याच्या मालकांना मी माझी पहिली कथा दाखवली होती. त्यांनी ती न वाचताच परत केली. म्हणाले, "बाई, तुम्ही चुका शोधा. गोष्टी लिहायला लोक आहेत." त्यांच्या नाकावर टिच्चून माझी पाच पुस्तके निघाली. ते आता हयात नाहीत, माझा राग मात्र शाबूत आहे. तो कोणाच्या नावे करता येत नसल्याने सोबत नेते.

कलम ४. "मावशी, नोकरी आणि घर सांभाळून तू लिहायचीस कधी?" असे भाचीने विचारले होते. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. ते उत्तर आता तिला देते.

सकाळी साडेपाच ते सात. सुचो वा न सुचो, बसायचे. काहीच सुचले नाही तर खिडकीतून दिसणाऱ्या माणसांचे वर्णन लिहायचे. माझ्या दोन कथा त्यातूनच निघाल्या. सातला मुलाचा डबा करायला उठावे लागे, म्हणून वाक्य अर्धेच राही. आधी चिडचिड व्हायची. मग लक्षात आले की ते अर्धे वाक्यच दुसऱ्या दिवशी मला बोट धरून पुढे नेते. तेव्हापासून मी मुद्दाम अर्धे सोडू लागले. लिहिलेले मोठ्याने वाच; जीभ अडखळेल तिथे वाचकही अडखळणार. पहिले पान बहुधा घसा खाकरण्यात जाते, ते फाडायला कचरू नकोस. लिहून झाले की महिनाभर त्याचे तोंड पाहू नकोस. आणि कोवळे लिखाण चुका शोधत बसणाऱ्या माणसाच्या हाती देऊ नकोस. हे अनुभवाने सांगते. तो माणूस मीच होते.

कलम ५. भाची एकवीस वर्षांची असताना तिने मला तिची वही दाखवली. मी सवयीने लाल पेन उचलले. तासाभरात एकही ओळ कोरी उरली नाही. वही छातीशी धरून ती म्हणाली, "मावशी, एक तरी पान बरं होतं का गं?"

मी म्हटले, "आधी ऱ्हस्व-दीर्घ शिक."

त्यानंतर तिने लिहिले नाही.

खरे तर एक पान मी दोनदा वाचले होते. म्हातारे वडील मुलीला ओळखत नाहीत, पण तिने दिलेल्या चहावर फुंकर घालतात आणि तो निवला की कप तिलाच देतात. दोन वर्षांनी हा प्रसंग माझ्या कथेत आला. त्याच कथेमुळे मला बक्षीस आणि नाव मिळाले. तो आपोआप आला अशी मी स्वतःची समजूत घातली. आपोआप काही आले नव्हते.

गेल्या वर्षी न्यूमोनिया होऊन मी तिच्याच वॉर्डात नऊ दिवस होते. आठव्या दिवशी ती सलाईनची नळी नीट करत असताना मी म्हटले, "तुझं पान मी चोरलं."

"माहीत आहे. मासिकात आलं तेव्हाच वाचलं."

"आणि पंधरा वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलणार? खूप राग आला होता. पण ते चांगलं असल्याशिवाय तू घेतलं नसतंस, एवढं कळलं. तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं."

"चांगलं होतं. फार चांगलं होतं गं."

तिने तोंड फिरवले, आणि नीटच असलेली नळी पुन्हा नीट केली.

कलम ६. सबब त्या कथेच्या यापुढील प्रत्येक आवृत्तीत तो प्रसंग भाचीचा असल्याचे छापावे व तिचे नाव माझ्या नावाआधी घालावे. प्रकाशकांना तसे लेखी कळवले आहे. कथेचे सर्व हक्क तिचे.

आज ती आली. तिने नवी अकरा पाने वाचून दाखवली आणि म्हणाली, "आता चुका सांग."

"पुढे काय झालं ते सांग."

"ते अजून ठरलं नाही."

"मग जा, लिही."

ती स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले. तासभर झाला. सून तिला जेवायला हाक मारणार होती. मी सुनेला खुणेने थांबवले. आम्ही दोघी ताटे झाकून बसलो आहोत.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही) २. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन (सही)
ठिकाण: राहते घर
तारीख: चौदा जून, रविवार, दुपारी पावणेदोन