करडीच्या तेलातले गळ

अप्पा,

आईनं डबा परत मागितलाय. कुठला म्हणून विचारू नका. आपल्या घरात डबा म्हटलं की तो एकच. लग्नात तिला माहेराहून, हुलसूरहून आलेला, गोल, स्टीलचा, आत सात वाट्या असलेला मसाल्याचा डबा, ज्यात आजवर मोहरीचा एक दाणा पडलेला नाही. लग्नाची हळद उतरली नसेल, तोवर तुम्ही तो उचललात आणि त्यात मासे धरायचे गळ लावून ठेवलेत. ज्या घरात मासा शिजत नाही, त्या घरात. आई ही हकीकत सांगताना अजूनही तुमचा आवाज काढते: ‘‘मोहरी काय, कागदात बी राहते. गळ कागदात राहील का?’’ तुमचं म्हणणं बिनतोड होतं. वादात हरलेली बायको गप्प बसते, विसरत नाही, एवढंच तुम्हाला पाटबंधारे खात्यात कुणी शिकवलं नव्हतं.

तुमची मांडणी मला डोळे मिटूनही दिसते. कडेच्या सहा वाट्यांत घोंगडीचे गोल तुकडे बसवलेले आणि त्यांत गळ टोचलेले. चिमणीच्या नखाएवढ्या बारीक गळापासून सुरुवात, आणि फिरत फिरत मरळीच्या जबड्याला पुरेल असा आकडा. मधल्या वाटीत दोरीला बांधायच्या शिशाच्या गोळ्या. दोरी गुंडाळायला आईचंच जुनं लाटणं. रविवारी तळ्यावरून आलात की मासे भिंतीवरून शेजारच्या चाचांकडे जायचे, तुम्ही आंघोळीला, आणि मग ओट्यावर बसून तुम्ही एकेक गळ पुसताय, घोंगडीवर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडताय. आईनं डब्याला स्वयंपाकघरात बंदी केली होती, म्हणून तो न्हाणीच्या कोनाड्यात, ओलीत राहायचा. तेल घातलं नाही तर आठवड्यात गंज. कचेरीत तुमच्या टेबलावर ज्याचा अर्ज गेला तो माणूस पिकल्या केसांनी बाहेर यायचा. इथं मात्र अंधारात हात घातला तरी पाहिजे तोच गळ बोटाला टोचायचा. मी एकदा मोठा गळ बारकाच्या वाटीत खुपसला, तेव्हा तुम्ही मारलं नाही. डबा माझ्यापुढं ठेवलात आणि म्हणालात, ‘‘जागेवर न्हाई ती वस्तू आपली न्हाई.’’ तेव्हापासून माझा चष्मा, किल्ल्या आणि काही मित्र माझे राहिलेले नाहीत.

तर आई आता नौबादचं घर सोडून कलबुर्गीला अक्काकडं राहायला गेली. गुडघे जिना चढू देत नाहीत. सामान बांधताना मी एकेक वस्तू दाखवायचो आणि ती मान हलवायची. देव तेवढे घेतले, चार लुगडी घेतली. मग म्हणाली, ‘‘दुसरं काय बी नको. माझा डबा रिकामा करून दे.’’

‘‘आताच कामून, आई? अक्काकडं डबे कमी हायत का?’’

‘‘तिच्या घरी तिचे डबे हायत. तिच्या मोहरीला हात लावायचा तर मी इचारून लावू व्हय? पावणी हाय का मी? आपला डबा असला की माणूस त्या घरचं असतंय.’’

‘‘आन् अप्पांचे गळ?’’

‘‘माणूस गेला. गळानं कुणाची वाट बघायची?’’

तुमच्या गळांसाठी मी पेटी मागवून ठेवली होती, पारदर्शक प्लास्टिकची, चोवीस कप्प्यांची. इतकी वर्षं न्हाणीत पडलेला डबा म्हणजे आत गंजाचा चुरा निघणार हे मी धरूनच चाललो होतो. माझं पोट लोकांना टोमणे मारण्यावर चालतं. सरकारी माणसाच्या निगुतीचं पुढं काय होतं, यावर एक परिच्छेद डोक्यात तयार होता. झाकण निघेना. चमच्याचं टोक घालून उचकटलं. आत गंजाचा ठिपका नव्हता. सगळे गळ मधात बुडवल्यासारखे पिवळे, चकचकीत. एक ओढला, आला नाही. दुसरा ओढला, घोंगडीच हलली नाही.

‘‘आई, ह्याला तेल कुणी घातलं?’’

‘‘मीच की. दर आमुशाला. डबा गंजून गेला असता मग?’’

‘‘कसलं तेल?’’

‘‘कसलं म्हंजे? करडीचं. घरात आणखी कुठलं असतंय?’’

तेलाच्या बरणीखाली जो पिवळा चिकट थर बसतो आणि पुढं वाळून वार्निशसारखा होतो, तोच थर, अमावास्येमागून अमावास्या. गळ घोंगडीला चिकटले होते, घोंगडी वाटीला. शिशाच्या गोळ्यांची तर शेंगदाण्याची चिक्की झाली होती. ज्या बाईनं तुमच्या हयातीत त्या कोनाड्याकडं बघताना पदर सावरला, तिनं हे केलं. स्टीलचा डबा गंजत नसतो, हे मी तिला सांगितलं नाही.

सुरीनं खरवडून पाहिलं, पक्कड लावली. बोट फाटलं. ती दारात उभी राहून बघत होती.

‘‘सोड. हात कापून घेतलास न्हवं? टोमणे लिवायला उद्या बोट लागतेत तुला. वाट्या तू घे, डबा मला दे. वाट्या काय, बाजारात मिळतेत.’’

मी जाऊन नव्या सात वाट्या आणल्या. त्या केसभर लहान निघाल्या. आई डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली, आणि कलबुर्गीपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर डबा वाजत राहिला.

‘‘खडखडायलाय,’’ मी म्हणालो.

‘‘खडखडू दे. मोहरी भरली की गप बसतंय.’’

अक्काच्या ओट्यावर, शेगडीच्या उजव्या हाताला तिनं डबा ठेवला. तिथं आधी काय होतं आणि ते कुठं गेलं, हे मी बघितलं नाही. मोहरी, जिरं, हळद, सगळं आईनं स्वतःच्या हातानं भरलं. संध्याकाळी मी निघायला जोडे घालत होतो, तेव्हा आतून अक्काचा आवाज आला, ‘‘आई, जिरं दे गं जरा.’’ आणि आईचा, अगदी रोजचा: ‘‘पोळीला लावलेला हात धू आधी.’’ मग मी निघालो.

तुमच्या वाट्या माझ्याकडं आहेत. प्लास्टिकच्या कप्प्यांत त्या बसत नाहीत, म्हणून लिहायच्या टेबलावर मांडल्यात, तुमच्याच क्रमानं. इतकी पक्की मांडणी तुम्हालाही जमली नव्हती. आता कुणाच्या पोरानं ठरवलं तरी मोठा गळ बारकात जाणार नाही. पेटीचे चोवीस कप्पे रिकामे आहेत. हे पत्र घडी करून त्यातल्या एकात ठेवतोय, दुसरीकडं कुठं टाकणार?

एक सांगायचं राहिलं. नव्या वाट्यांच्या मापासाठी मी तुमची एक वाटी भांड्यांच्या दुकानात नेली होती. दुकानदार ती बघून हसला. ‘‘नयी कायको लेते सा’ब? सोडे के पानी में उबालो, सब छूट जाता.’’ मी ‘हौ’ म्हणालो आणि नव्या सातही बांधून घेतल्या. आईला हे सांगितलं नाही. डबा रिकामा करून दे म्हणाली होती. अख्खा देता आला असता.

कलबुर्गीहून परत येताना गाडीत मला आठवलं की आयुष्यभर तेलकट भांडी सोड्याच्या पाण्यात उकळून घासणारी आपल्या घरात एकच बाई होती. तिनंही मला काही सांगितलं नव्हतं.